लाल बर्फाची पेटी

अक्कलकुवा, ता. ८ फेब्रुवारी १९३९

प्रिय रतिलाल,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. खोडून कागद घाण करायचा नाही म्हणून राहू देते. साखरपुडा झाला त्या दिवशी आईने मला बजावलं होतं, "आते त्याले तू म्हनू नको." तेव्हापासून प्रत्येक पत्रात मी तुला 'तुम्ही' लिहीत आले. आज मात्र तूच म्हणणार आहे. प्रकाशा गावात आपली दारं समोरासमोर होती, आणि 'तुम्ही' म्हणण्यासारखं तुझ्यात काही उरलं आहे असं आता मला वाटत नाही.

दिवाळीनंतर माझी बदली इथल्या मुलींच्या शाळेत झाली. आईला मी बरोबर आणलं आहे. घर लहान आहे, पण परसात पाणी आहे. डोंगरातल्या सात-आठ मुली रोज दोन कोस चालून येतात. परवा एकीने विचारलं, बाई, बर्फ म्हणजे काय? मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. नवलने ते किती सोपं करून सांगितलं असतं.

नमुने गोळा करायला तू त्याला हिमालयात नेलंस, त्या प्रवासातली त्याची दोन पत्रं माझ्याकडे आहेत. पहिलं अल्मोड्याहून टाकलेलं. दुसरं हिमनदीच्या काठावरच्या तंबूतून आलेलं, त्यावर मेणाचे डाग आहेत. त्यात लिहिलं आहे, "ताई, आपल्या तापीच्या वाळूत टरबूज फुटावं तसा इथला बर्फ लाल आहे. पाय ठेवला की ठसा लाल उमटतो. हे रक्त नाही की माती नाही, जिवंत शेवाळ आहे. एकेक जीव इतका बारीक की सुईच्या टोकावर किती बसतील सांगता येणार नाही. उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून ते लाल पांघरूण घेतात." पुढे त्या बर्फातल्या भोकांविषयी आहे. बोटभर खोल भोकं, तळाशी काळा गाळ. ती काळी धूळ ऊन पिऊन तापते आणि आपल्याखालचा बर्फ वितळवते. सूक्ष्मदर्शकाखाली त्या गाळात निळसर हिरवे धागे दिसले, आणि अस्वलासारखा डुलत चालणारा आठ पायांचा एक जीव. ते वाचून दाखवलं तेव्हा आई पोटभर हसली होती. "एवढा दूर जाईसन गाय देखी ऱ्हायना मन्हा पोऱ्या!" म्हणाली. गाय म्हणजे गाळ. तू पुण्यात राहून आपली बोली विसरला असशील, म्हणून सांगितलं.

मग सदतीसच्या जुलैत तू एकटा आलास. आमच्या ओसरीवर बसून तू जे सांगितलंस ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. नवल कुणाला न सांगता पहाटे वरच्या बर्फावर गेला, भेगेत पडला, तुम्ही पोहोचलात तेव्हा आतून काहीच आवाज नव्हता. तू रडलास. आईने तुला पदराने वारा घातला, बळेबळे दोन घास भरवले. तू गेल्यावर मात्र ती एवढंच बोलली, "मन्हा नवल न सांगता पानी पेवाले बी जाये ना." मी तिच्यावर रागावले. म्हटलं, ज्याने त्याला मेहुणा मानलं, त्याच्यावर संशय घेतेस?

सहा महिन्यांनी तुझं पत्र आलं. तुमच्या घराच्या पायरीवर नवल दिसतो, तिथे नवरदेव होऊन येववणार नाही, मला मोकळं कर. मी केलं. एवढंच नाही, मला तुझी कीव आली. सुरतेला तुझं लग्न झाल्याचं कळलं त्या दिवशीही मी आईला म्हणाले, बिचारा दुःखातून बाहेर येतोय. तुझ्यावर रागावण्याआधी मला स्वतःचाच राग येतो तो या कीवेचा.

दिलवरसिंग तुला आठवतच असेल. आमच्या शेतावर दरसाल कापणीला डोंगरातून उतरणारा, नवलने हट्टाने ओझ्यासाठी बरोबर नेलेला. परत आल्यापासून तो प्रकाशाला फिरकला नव्हता. घाबरला असेल, असं तूच म्हणाला होतास. गेल्या महिन्यात इथल्या बाजारात तो चारोळी घेऊन बसलेला दिसला. मला पाहताच त्याने उजवा हात टोपलीमागे लपवला. मी समोर बसले. म्हटलं, हात दाखव. त्याला तीन बोटं नाहीत.

त्याला घरी आणलं, भाकरी वाढली. आईसमोर बसून तो बोलला. नवल पहाटे गेला नव्हता. दुपार होती, ऊन चढलं होतं आणि बर्फ मऊ झाला होता. वरच्या बर्फावर नमुन्यांच्या बाटल्यांची पेटी तू विसरून आला होतास. दिलवरसिंग जातो म्हणाला, तर तू त्याला तंबू आवरायला ठेवलंस आणि नवलला म्हणालास, "उद्याचा मेहुणा तू, माझं एवढं काम करशील की नाही?" तो हसत गेला. तो परतताना दिसला तेव्हा तुम्ही दोघं भेगेपर्यंत वर गेलात, आणि पलीकडून त्याने आधी पेटी तुझ्याकडे सरकवली. तू ती घेतलीस. मग त्याच्या पायाखालचा काठ सुटला.

तो लगेच गेला नाही, रतिलाल. तो आतून हाका मारत होता. आधी तुला, मग दिलवरसिंगला. दोर आखूड आहे, काठ आपल्यालाही घेऊन जाईल, असं म्हणून तू खाली तंबूकडे उतरलास. दोर आखूड असेलही. मी तिथे नव्हते. पण तू पेटी उचललीस आणि चाललास. दिलवरसिंग पालथा पडून हात आत सोडून बोलत राहिला, हाका थांबेपर्यंत आणि त्यानंतरही. उजाडलं तेव्हा त्याची बोटं थंडीने काळी पडली होती. "ताई, मी हात काढला असता तर त्याला वाटलं असतं मीपण गेलो," एवढं बोलून तो उठला. आई रडली नाही. तिने त्याचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

आणि आता तुझं पाकीट आलं आहे. त्या पेटीतल्या एका बाटलीत आजवर कुणी न नोंदलेलं शेवाळ सापडलं, त्याला नवलचं नाव देणार, पंचवीस तारखेला कॉलेजात समारंभ आहे, आईला घेऊन ये आणि भावाविषयी दोन शब्द बोल, असं तू लिहिलंस. निबंधाचं पहिलं पानही पाठवलंस. 'संशोधनाच्या ओढीने एकटाच गेलेला तरुण' असं त्यावर छापलं आहे. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्याले सांग, मन्हा पोऱ्यानं नाव त्या शेवायले लावू नको." हे तिचं उत्तर. माझं उत्तर वेगळं आहे, आणि त्यासाठीच हे पत्र लिहायला बसले. समारंभाला मी येते. दिलवरसिंगही येतो, नंदुरबारहून गाडी कधी सुटते ते मी विचारून ठेवलं आहे. तुझे प्रिन्सिपॉल मला दोन शब्द बोलायला उभं करतील, तेव्हा मी बाजूला होईन आणि तो बोलेल. त्याला मराठी फार येत नाही, पण एवढं सांगायला पुरेशी येते. पत्र आधी पाठवते आहे ते दयेने नाही. पंचवीस तारखेपर्यंत तुझ्याकडे सतरा दिवस आहेत. नवलने तुला हाका मारल्या होत्या, हे तू आपल्या तोंडाने आधी सांगू शकतोस का, एवढंच मला पाहायचं आहे.

कुणाचीच नसलेली, पण नवलची बहीण,
कमल