भिवाजीच्या कपाटातली कसर

औंढा, रविवार, दिवेलागण

जीव थाऱ्यावर नाही. मागच्या आठवड्यात हिंगोलीला गेलो होतो, भिवाजी आणि त्याच्या रेडकाची चित्रमालिका काढणाऱ्या चित्रकारांच्या घरी. ते गेल्यावर आता तिथं संग्रहालय झालंय. मूळ चित्रं समोर आली आणि भिवाजीचे संवाद शाळेतल्या कवितेसारखे आपोआप ओठांवर आले. त्याच भरात, लहानपणी वर्तमानपत्रातून कापून पुठ्ठ्यावर डकवलेली माझी कात्रणं त्यांच्या सूनबाईंना देऊन टाकली. त्यांनी ती मूळ चित्रांच्याच कपाटात ठेवली.

आज कात्रणांची रिकामी ट्रंक आवरायला घेतली, तर तळाशी कसर! कागद खाणारी ती कीड, बारीक, चंदेरी, सुळकन पळणारी. डकवताना मी गव्हाच्या पिठाची खळ वापरली होती. म्हणजे इतकी वर्षं तिला जेवूच घालत होतो की! आणि आता ती त्या कपाटात...

"काहून बसले असे? फोन करा की," सौ. म्हणाली. "तुमची लाज मोठी का ती चित्रं?"

केला फोन. सूनबाई म्हणाल्या, "काका, सांगितलं ते बरं केलं. कात्रणं आत्ताच बाहेर काढते. पण फेकणार न्हाई. यातले काही भाग आमच्याकडंबी न्हाईत."

"आणि मूळ चित्रं?"

"सकाळी उजेडात एकेक बघून सांगते."

सौ. म्हणते, जेवून घ्या. घास उतरेल का? रेडकाचा एक कान जरी कुरतडलेला निघाला, तरी तो पुन्हा काढायला आता चित्रकार नाहीत.