गोधडीतला फुगा

आत्याबाई, तुमच्या दिवाणाच्या पोटात तीस वर्षं पडून असलेली ती गोधडी मी बाहेर काढली. दिवाण तोच, खोली तीच. नल्लकुंट्याची गल्लीही तीच, फक्त समोरचं बैठं घर पाडून पाच मजले उभे केले, त्यामुळे तुमच्या खिडकीत आता ऊन येत नाही. डांबरगोळ्यांचा वास जावा म्हणून गोधडी दोन दिवस गच्चीवर टाकली होती. वर तुमची जांभळी नारायणपेठी, खाली माझ्या माहेरची पिवळी सुती, आत मामंजींची धोतरं. तुम्ही गेल्यापासून मी याच दिवाणावर झोपते, म्हणजे सव्वीस वर्षं तिच्यावरच झोपत होते म्हणायचं. एकदाही झाकण उचललं नाही. माझा राग असाच आहे, चिवट. तुम्हाला ठाऊक आहेच.

रीत तुम्हीच, सासू म्हणून, सांगितली होती. घरातून नवं बिऱ्हाड निघालं की सासरी शिवलेली गोधडी सुनेनं बरोबर न्यायची, त्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. ह्यांची नांदेडला बदली झाली तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. दोन खोल्या मिळणार होत्या आणि माझा स्वतःचा ओटा. मी तर मनातल्या मनात फळीवर डबेसुद्धा लावून ठेवले होते. तुम्ही म्हणालात, "गोधडी झाली की जा. मी कुठं धरून ठेवलंय?" आणि मला फरशीवर बसवलंत, गोधडीवरच. कडेपासून सुरुवात करायची, धावदोऱ्याचे फेरे घालत आत आत यायचं. प्रत्येक फेऱ्याला मोकळं कापड थोडं कमी होतं. आधी सगळे थर लांब कच्च्या टाक्यांनी धरून घे, असं तुम्ही दोनदा बजावलंत. त्यात चार दिवस गेले असते. तुम्ही कुणाच्या तरी बारशाला चिक्कडपल्लीला गेला होतात, मी कच्चे टाके गाळले आणि सरळ पक्की शिवण सुरू केली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे उतावळी मी होते. नवऱ्याला कसलीच घाई नव्हती.

टाके गाळले की काय होतं ते मला महिनाभरानं कळलं. प्रत्येक फेरा वरचं कापड थोडंथोडं आत ढकलत आला आणि शेवटी मधोमध तुमची नारायणपेठी पुरीसारखी फुगली. तुम्ही येता, वाकता, तळहात फिरवता. माझ्याकडे बघतसुद्धा नाही. "काय करू लालीस गं हे? इतकी जल्दी कशाची?" मी सुईत दोरा ओवत राहिले. "उसव सगळं. पहिल्या फेऱ्यापासून." मी सुई गोधडीत खुपसली आणि उठले ती पुन्हा बसलेच नाही. तुम्हीही म्हणाला नाहीत, राहू दे, तशीच ने. महिनाभर आपण दोघी त्या गोधडीला वळसा घालून चाललो. तेवढ्यात ह्यांनी ऑफिसात सांगून बदली रद्द करून घेतली. म्हणाले, "आईला बरं नसतं हल्ली." तुम्ही ठणठणीत होतात. त्या दिवशी मी पोळ्या करताना रडले, आणि तुम्ही स्वयंपाकघरात येऊन तवा पुसून परत गेलात. नांदेड मी आजवर पाहिलेलं नाही.

आता सून पुण्याला निघालीय. तिला तिथे नोकरी मिळाली आहे, मुलाचं काम घरूनच चालतं, भाड्याचं घरही बघून ठेवलंय. तिनं हे सांगितलं तेव्हा मी पेढा हातात घेतला आणि माझ्या तोंडून निघालं, "आपल्याकडे रीत आहे बाई. गोधडी झाली की जा." पोर याच तेलुगू-उर्दूच्या शहरात वाढलेली, मराठी वाचताना अडखळते, पण रीत म्हटल्यावर तिचे डोळे चमकले. "किती छान आहे ओ हे! मी दोन महिने मागून घेते ऑफिसमधून. तुम्ही आरामसे करा आई, जल्दी नक्को." आबिड्सहून तिनंच मला दोऱ्याची रिळं आणून दिली.

मी कात्री घेऊन बसले. तुमच्या हुकमाप्रमाणे सगळं उसवायचं, असं ठरवूनच बसले होते. मधले चार फेरे निघाले आणि कापड सैल झालं. हातानं सारखं केलं, मधोमध एक बारीक चुणी घेतली, वर चौकोनी ठिगळ लावलं. फुगा गेला! एका दुपारचं काम, आत्याबाई. साठ गोधड्या शिवलेल्या बाईला हे माहीत नव्हतं? तुम्हाला पहिल्या क्षणीच कळलं असणार. आठवडाभर मी तुमच्या फोटोसमोर दिवा लावला नाही. आठव्या दिवशी लावला, कारण दुपारी मी जेवत होते, हे समोर बसून टीव्ही बघत होते, आणि सून आतून आली तेव्हा हे तिला म्हणाले, "तुझ्या सासूला सांग, भाजीत मीठ कमी आहे." मी त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसले होते.

तुम्ही आणि मामंजीही असेच. "त्यांना सांग, नळ गेला." "तिला सांग, कळलं." मी मधल्या खोलीत उभी राहून दोघांचे निरोप पोचवायची आणि मनात म्हणायची, काय विचित्र माणसं आहेत. मी नांदेडला गेले असते तर या घरात तुमच्याशी बोलणारं कुणी उरलं नसतं. तेवढं एक वाक्य मला सांगितलं असतंत तर? मी तरीही गेले असते, हे खरं. म्हणूनच सांगितलं नसेल. मला तुमची दया येते आणि रागही तेवढाच येतो. दोन्ही एकाच वेळी येतात, त्याला मी काय करू?

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. सून वाचेल अशी भीती नाही, माझं अक्षर तिला लागत नाही. तरी घडी करून तांदळाच्या डब्याखाली ठेवणार आहे.

एक राहिलं. पुण्याच्या ऑफिसनं तिला परवापर्यंतचीच मुदत दिलीय. मघाशी ती दारात येऊन विचारून गेली, "आई, अजून किती राहिलं ओ?" मी मान वर न करता म्हटलं, "थोडंच." गोधडी मागच्या मंगळवारी पुरी झाली, आत्याबाई. तेव्हापासून मी रोज ती मांडीवर घेऊन बसते आणि सुई खालीवर करते. सुईत दोरा नसतो.