खोली गौरांगले, दरवाजा मंजुषाले

नाई गौरांग, बालवाडीत बाकं नाई लागत. सकाळपासून सांगून राहिली, तू ऐकत नाई, म्हणून आता कागदावर सांगते.

मी, विमल चिंतामण राखोंडे, वय एकाहत्तर, राहणार बाळापूर, जिल्हा अकोला, डोकं ठिकाणावर ठेवून आणि कोणाच्या दाबाखाली न येता लिहून देते की, माह्यामागं माह्या मालमत्तेचं खालीलप्रमाणे व्हावं.

कलम १. राहतं घर, आणि रस्त्याकडची मोठी खोली, जिच्यात तुहे काका झेंडूचे हार ओवत आणि जिच्यात मी बालवाडी चालवते, हे सगळं पुतण्या गौरांग याले. दुसरं कोण आहे मले? अमरावतीले शिकला, आता अठी बालवाडीत घ्यायच्या आधी तीन वर्षांच्या पोट्ट्यायची मुलाखत घेतो म्हणते. त्यायले विचारणार काय, मागचा अनुभव?

कलम २. ओल्या मातीचा ढीग, पाण्याचं टाकं आणि झोका माह्यासंगं लेकरं सांभाळणाऱ्या मंजुषाले. माती मळून बोटं तयार झाली का पेन्सिल आपसूक धरता येते. कोणी घाई करू नये.

कलम ३. शेजारीण माणिकबाई हिले पितळी घंटा. लेकरायच्या कल्ल्यावरून ती जन्मभर भांडली. आता शाळा सुटायची घंटा तिनंच वाजवावी. वेळेच्या आधी वाजवू नये.

कलम ४. दरवाजा. जुन्याले वाळवी लागली तवा डोमाजी सुतारानं नवा बसवला, तो उलटा. बाहेरची कडी पार खाली, गुडघ्याजवळ. मी म्हटलं, "डोमाजी, कोंबड्या उघडणार काय हे?" तो बिचारा म्हणे, उद्या सुलटा करतो. तवा तू तीन वर्षांचा. तुही माय तुले रोज ओढत आणे आणि तू उंबरठ्यावर बोंबलत बसे. दुसऱ्या दिवशी तुले ते कडी दिसली. तूच उघडली, आत आला, आणि मायले म्हणे, "तू जाय." डोमाजीले मी तसाच वापस पाठवला. तवापासून अठी लेकरू आपल्या हातानं दार उघडून येते.

आता तू म्हणतं, "काकू, जमाना बदलला, कडी वर घेऊ." म्हणून सदर दरवाजा, चौकट आणि कडीसकट, मंजुषाले. खोली तुही, दरवाजा तिचा. तिच्या मर्जीनं बालवाडी चालली तर दरवाजा राहीन, नाईतर ती घेऊन जाईन. मंग बस उघड्या खोलीत मुलाखती घेत.

नागसेन वकील म्हणते, दरवाजा घरापासून वेगळा धरत नाईत. मी म्हटलं, "बिजागऱ्या काढल्या का धरतात. लिही."

शेवटचं. तुही पोरगी जुईली अमरावतीच्या नर्सरीत रोज रडे, म्हणून तर तू तिले अठी आणलं. आणि सकाळपासून कडेवर घेऊन उभा आहे. खाली ठेव तिले. दरवाजासमोर ठेव आणि बाजूले हो.

हे मी वाचून, समजून सही केली.

विमल चिंतामण राखोंडे

साक्षीदार: १. नागसेन वानखडे, वकील. २. गोदाबाई, फुलवाली. (मंजुषाले साक्षीदार करता येत नाई, तिले दरवाजा भेटून राहिला.)

बाळापूर, १ जुलै २०२५

ता. क. कडी वाजली. रडणं नाई ऐकू आलं. तुले जे बोलायचं ते नागसेनले सांग, मी आत चालली.