पायी चालणारा ट्रक

१८ मार्च
कोणाशी बोलले तर भांडण होईल, म्हणून लिहिते. यंदा जयंतीच्या मिरवणुकीत तसबिरीसाठी माझ्या वडिलांचा, बापूंचा ट्रक नाही, भाड्याचा ट्रॅक्टर — कमिटीनं ठरवलं. मला बोलावलंसुद्धा नाही! अध्यक्ष उत्तमराव दारात उभ्याउभ्या सांगून गेले. "बाई, गेल्या साली भर चौकात सारखा बंद पडत हुता. पोरांनी ढकलला. लोकं हसली."
हसली. स्टीअरिंगवर मीच होते, मला ऐकू आलं.
बापूंचा हा बेडफर्ड ट्रक आला तेव्हापासून सोनईतली तसबीर त्याच्यावरच निघते. आधी बापू चालवायचे, ते गेल्यापासून मी. मी सोडणार नाही.
"चालवून दाखवला तर?" मी विचारलं.
"दाखवा की," म्हणाले. तेही हसले!

२१ मार्च
शेवगावला. अमृत मिस्त्रीनं इंजिन उघडलं. कॅमशाफ्टवरची दोन उंचवटे झिजून पार गोल झालेत, म्हणजे तिथले व्हॉल्व्ह पुरते उघडतच नाहीत. कार्बोरेटरचा दांडाही ढिला, फटीतून हवा ओढतो. सावकाश चालताना इंजिन मरणार नाही तर काय!
दोन्ही बदलायचे. कोणते घ्यायचे, इथं वाद.

२२ मार्च
तुषार — भावाचा मुलगा, पुण्याहून आलाय. ट्रक जुन्या गाड्यांच्या रॅलीत न्यायचं त्याच्या डोक्यात. "आत्या, जास्त उचलणारा कॅम टाकू, दोन नळ्यांचा कार्बोरेटर टाकू. काय आवाज येईल! आत्ता घाटात रिक्षा पुढं जाते आपल्या."
अमृत लगेच त्याच्या बाजूनं. "लई पावर येईल, ताई."
येईल, पण इंजिन पळतं तेव्हा. मला हवी ती सावकाश फिरताना. मिरवणूक पळत नाही! तो कॅम व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणार, धिम्या गतीत इंजिन धडपडणार. मोठ्या नळीत हवा मंदावणार, पेट्रोल नीट मिसळणार नाही. बी.एस्सी.ला फिजिक्स उगाच घेतलं नव्हतं.
सांगितलं — कॅम मूळच्या मापाचा. कार्बोरेटर एका नळीचा, लहान.
"आत्या, हट्टी आहेस तू."
"आहेच."

२३ मार्च
तुषार अंगणात जाऊन फोनवर बोलतोय, माझ्याशी नाही.

२ एप्रिल
कॅम माझा, कार्बोरेटर त्यांचा! तुषारनं अमृतला परस्पर फोन केला. शेवगावहून येताना ट्रक पळाला छान, खोटं का लिहू. पण सोनईत शिरताना पहिला गिअर टाकून रेसवरचा पाय काढला, तर खोकला, दोन उड्या मारल्या आणि मेला.
उत्तमराव चहाच्या टपरीवर. "बाई, धक्का द्यायचा का?"
खाली उतरलेच नाही. परत चालू केला. "रेस दे ना आत्या," तुषार शेजारून. रेस दिली की ट्रक पळतो, पळाला की पुढच्याच्या अंगावर जातो. म्हणून घरापर्यंत अर्धा क्लच दाबून आणला. क्लच जळाल्याचा वास!
घरी आल्यावर पाना घेतला, तो कार्बोरेटर उतरवला आणि तुषारच्या हातात ठेवला. "हा ने रॅलीला. ट्रक इथंच राहील."

८ एप्रिल
अमृत स्वतः येऊन लहान कार्बोरेटर बसवून गेला. मान खाली घालून. स्क्रू फिरवून मी इंजिनची गती उतरवत होते, तेवढ्यात भामाबाई काठी टेकत आल्या. उत्तमरावांच्या आई. ऐंशी कधीच ओलांडली.
"काय करतीस गं, यशे?"
"ट्रक हळू चालवायला शिकवतेय."
"किती हळू?"
"तुमच्याइतका."
"मंग मी म्होरं चालते. पन टाचंला लागला तर काठी घालीन हां!"
खरंच निघाल्या! बॉनेटच्या पुढं, भर रस्त्यातून. मी पहिला गिअर टाकला आणि सगळ्या पेडलांवरून पाय काढून घेतले. ट्रक मेला नाही. त्यांच्यावर गेला नाही. चौकापर्यंत भामाबाईंनी एकदासुद्धा मागं वळून पाहिलं नाही. तुषार बाजूनं चालत होता, शेवटी म्हणाला, "मानलं, आत्या."

१० एप्रिल
उत्तमराव आले. "ट्रक चालला, मान्य हाय. पण गर्दी वाढलीय, बाई. तुमचं वय बघा. ट्रॅक्टर ठरला, ड्रायव्हर ठरला, साऊंड ठरला."
माझं वय! यांना दहावीला विज्ञान शिकवलं तेव्हा कोणी वय काढलं नव्हतं.
मी म्हणाले, "जयंतीला सकाळी ट्रक चौकात उभा असेल. धुतलेला, सजवलेला. तसबीर ठेवा नाहीतर ठेवू नका."

१३ एप्रिल
ट्रक धुतला. निळं कापड बांधलं. चौकशीला कोणी आलं नाही. न येवोत.

१४ एप्रिल
तसबीर वर्षभर भामाबाईंच्या घरी असते, बाहेर काढून द्यायचा मान त्यांचाच. दारात ट्रॅक्टर उभा, त्यावर स्पीकरची भिंत. उत्तमरावांनी हात पुढे केले. भामाबाई तसबीर घेऊन त्यांना वळसा घालून चौकात माझ्या ट्रकपाशी आल्या. मागून सगळ्या म्हाताऱ्या.
"आये, अगं टॅक्टर—"
"तुजा टॅक्टर लई पळतो, रं. आमी दर साली मागंच ऱ्हातो. आज मला शेवटपत्तुर चालायचंय."
तसबीर माझ्या हातात दिली. हारासकट.