सतरा नंबरचा किंजळ

कोल्हापूर,
७ डिसेंबर २०२४

धैर्यशीलदादास,

साष्टांग नमस्कार लिहायची आपल्या घरची पद्धत आहे, तेवढ्यापुरता तो घे. मी बरी आहे. खोलीत गारठा आहे, मेसची आमटी पहिल्यासारखीच पातळ आहे, परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. म्हैस व्याली का ते आईला विचारायचं राहून गेलं, कारण आईने फोनवर दुसरंच काढलं. त्याकडे नंतर येते.

फोन करू नकोस, उचलणार नाही. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येणार नाही, म्हणून हा खटाटोप.

मंगळवारी कॉलेजने आम्हाला इथल्या एका सॉ-मिलवर नेलं. ओंडक्यात लाकूड किती, ते मोजायचं प्रात्यक्षिक होतं. टेप घेऊन वाकले आणि सालीवर पांढऱ्या रंगातला सतरा दिसला. माझा सात मी लांबूनही ओळखते. त्याच्या पोटात मी आडवी रेघ मारते, त्यावरून तूच चिडवायचास. मैत्रिणीने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, ओळखीचं लाकूड आहे.

निनाईच्या देवराईतला किंजळ तो. जिथून आपण चुलीला वाळकी काटकीसुद्धा उचलत नाही, तिथला.

तू विसरला असशील म्हणून सांगते. दिवाळीच्या सुट्टीत प्रकल्पासाठी मी देवराईतली झाडं मोजली. एकदा मोजलेलं झाड पुन्हा मोजलं जाऊ नये म्हणून त्यावर नंबर घालतात, बाकी त्याला काही अर्थ नाही. हे मी तुला तिथेच सांगितलं होतं. रंगाचा डबा धरून तू दिवसभर माझ्याबरोबर हिंडलास. "ह्यात लाकूड किती निघंल गं?" विचारलंस, आणि मी शहाणी, छातीच्या उंचीवर घेर कसा घ्यायचा ते तुला दाखवत बसले. "झाडं शिकायला कॉलेज कशाला, ती तर शेळीला बी कळत्यात," म्हणणारा माझा भाऊ पहिल्यांदाच माझ्या शिक्षणातलं काही विचारत होता. मला फार बरं वाटलं होतं रे. घरी आल्या आल्या आईला सांगितलंसुद्धा.

मिलवरून निघाल्यावर निनाईच्या देवळातल्या आण्णा गुरवांना फोन लावला. ते म्हणाले, "आता इचारतीस व्हय पोरी? नंबर तूच टाकलास की. मोठा रस्ता रुंद केला तवा नंबर पडल्यालं एक झाड ऱ्हायलं न्हाय. धैर्यशील देवळात उभा ऱ्हाऊन बोलला, खात्यानं झाडं काढायला सांगितल्यात, आमची वर्षाराणी खात्याचीच माणूस हाय. मग आडवं कोण येणार?"

आण्णांचा मला राग नाही. आपल्या गावाने झाडावरचा नंबर बघितला तो कुऱ्हाडीच्या आधीच. पण तुला खरं माहीत होतं. गावाची समजूत तू वापरलीस आणि पुढे माझं नाव धरलंस. नुसती चोरी केली असतीस तर चोर म्हणून मोकळी झाले असते. हे त्याहून हलकं काम आहे.

बुधवारी सरांना सांगितलं. सरांनी वनखात्याच्या साहेबांकडे नेलं. साहेबांनी एकच विचारलं, नंबर तुमच्या हातचे, मग तोड कुणाची? मी दोन दिवस मागितले. खोटं कशाला बोलू, तुझ्यासाठीच मागितले.

आणि गुरुवारी आईचा फोन. "तूच म्हण की, तोडीचं नंबर चुकून टाकलं म्हणून. तुजं काय, उद्या लगीन हून जाशील. दादाला गावात ऱ्हायाचं हाय." मागून तुझा आवाज स्पष्ट ऐकू आला. "तिला म्हण, नुसती सही तर करायची हाय."

त्या सहीने काय होतं, तुला ठाऊक आहे. ज्या खात्यात जायला मी शिकते, त्याच खात्याच्या दप्तरी देवराई तोडायला लावणारी म्हणून माझं नाव लागतं. मग परीक्षा कसली आणि नोकरी कसली? तू रंगाचा डबा धरलास तेव्हापासून हे तुझ्या डोक्यात होतं की नंतर सुचलं, हे मात्र मला खरंच कळत नाही. कळलं तरी आता उपयोग नाही.

आईला मी "बघते" म्हटलं होतं. काल बघितलं. जबाब दिला.

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा सोमवार होऊन गेलेला असेल. त्या हिशेबानेच ते पेटीत टाकते आहे. साहेबांबरोबर येऊन मी खुंट दाखवलेले असतील. तू उभा राहिलास त्याच देवळात उभी राहून नंबर म्हणजे काय ते गावाला सांगितलेलं असेल. तुझ्याकडे बघितलेलं नसेल. गावात येऊनही घराची पायरी का चढले नाही, ते आईला तूच समजावून सांग. म्हैस व्याली असली तर माझ्या वाटणीचा चीक ठेवू नका.

जबाबात शेवटी विचारतात, तोड करणाऱ्याशी तुमचं नातं काय. ते लिहिताना हात थांबेल असं वाटलं होतं. थांबला नाही. खोलीवर येऊन मी रडले ते त्याचंच.

तिथे लिहिलं, तेच इथे लिहिते.

तुझी सख्खी बहीण,
वर्षाराणी