बाहुली वाटेवर आहे

सोमवार, ३ फेब्रुवारी

आले एकदाची! खोली लहान आहे, पण सकाळपासून खिडकीतून ऊन येतं. शिवणाऱ्या बाईला आणखी काय हवं? टेबल बरोबर माझ्या कोपराच्या उंचीचं, वर दोन दिवे, दोऱ्याची रिळं रंगवार लावलेली. वीस वर्षं दादाच्या दुकानात मी जिन्याखाली बसून काजं केली आणि पाटीवर नाव त्याचं. गिऱ्हाईक शाबासकी द्यायचं तीही त्यालाच, आणि हा पठ्ठ्या ती घ्यायचासुद्धा. आयत्या बिळावर नागोबा! परवा त्याच्यासमोर टेबलावर कात्री आपटली आणि निघाले.

इथल्या बाई हौशी लोकांच्या संग्रहातल्या बाहुल्यांसाठी पोशाख शिवून घेतात, त्यांचे फोटो काढतात आणि विकतात. पोशाख खेळण्यातले नव्हेत हं. खिसे खरे, अस्तर खरं, काजं खरी, फक्त सगळं माणसाच्या सहाव्या हिश्श्याएवढं. आल्या आल्या बाईंनी माझं पूर्ण नाव विचारलं, वडिलांच्या नावासकट, आणि वहीत सावकाश लिहून घेतलं. म्हणाल्या, इथे शिवणारीचं नाव लागतं. खरं सांगते, मला भरून आलं.

भिंतीतल्या काचेच्या कपाटात सात बाहुल्या आहेत, आपापल्या खोक्यात उभ्या. खोक्यांवर नावं बघावीत तर चांगली भरभक्कम, आडनावासकट! हसूच आलं मला. एकीचं तोंड तर असं उघडं की आता शिवी हासडते की मग.

बुधवार, ५ फेब्रुवारी

पहिलं काम लांब कोटाचं. बाहुली कुठे विचारलं, तर बाई म्हणाल्या की वाटेवर आहे, तोवर मापं तूच ठरव. मी ठरव! अंगच नाही तर माप कशाचं घेऊ, तुमच्या डोक्याचं? तोंडावर आलेलं गिळलं.

मग जे कोणतीही शिवणारी करेल तेच केलं. माप नसेल तर आपल्याच अंगावर बेतायचं. टेप घेतली. उंची १५६ सेंटिमीटर, छाती ८४, खांदे ३६. सहाने भागलं, २६, १४ आणि ६. इतका सरळ भागाकार आयुष्यात कधी आला नव्हता. कागदावर कोटाचा बेत कापला आणि निवांत जेवले.

शनिवार, ८ फेब्रुवारी

कोट झाला. बाहुली अजून वाटेवरच, म्हणून बाईंनी तो तारेच्या सांगाड्यावर चढवला. या धंद्यातली गंमत अशी की फोटोत पुढून चापूनचोपून दिसणारा पोशाख मागून टाचण्यांनी ओढलेला असतो. बाईंनी टाचण्यांची डबी उघडली आणि तशीच मिटली. माझ्या कोटाला एक टाचणी लागली नाही. फोटोत पोशाखाचा आकार कळावा म्हणून शेजारी माझा हात ठेवायला सांगितला. कोट माझ्या हातात बरोबर मावला, मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत.

बुधवार, १२ फेब्रुवारी

तळपायाची आग मस्तकात गेलीय. कोटाचा फोटो लोकांपुढे गेला आणि खाली काय, तर 'बाईंच्या हातचा कोट'. बाईंच्या हाताला सुईत दोरा ओवता येत नाही! जाऊन विचारलं. शांतपणे म्हणाल्या की अगं, नाव बाहुलीबरोबर लागतं, बाहुली आली की लागेल. म्हणजे दादा बरा म्हणायचा. तो निदान खोटं तरी बोलत नव्हता.

रागारागात त्याच बेताचा दुसरा कोट केला, मखमलीचा. फोटोसाठी हात ठेवला तसा आपटलाच.

संध्याकाळी कपाट पुसताना एक दिसलं. सातही बाहुल्यांच्या डाव्या तर्जनीच्या टोकावर बारीक बारीक टोचे आहेत. माझ्या बोटावर सुईने पडलेत तसे. बाहुलीच्या बोटावर एवढी कलाकुसर करायला वेळ आहे, माझं नाव घालायला नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

चपला सैल झाल्यात. झंपर खांद्यावरून उतरतो. इथलं जेवणच तसं, कोंबडीला टाकतात तेवढं. टेबलही कुणीतरी उंच केलंय, खांदे भरून येतात. बाईंना बोलले तर म्हणाल्या की टेबल होतं तसंच आहे.

दादाचा फोन आला. म्हणाला, किती रुसशील, वहिनीही आठवण काढते, गाडी घेऊन येऊ का? मी म्हटलं, पाटीवर माझं नाव टाकणार असशील तर ये. तो वहिनीला फोन द्यायला लागला. मी फोन आपटला. नाव लागल्याशिवाय इथून हलणार नाही. वीस वर्षं सोसलंय, आणखी चार दिवस सोसेन.

तिसरा कोट दिला. फोटो काढला.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

जसं झालं तसं लिहिते.

फळीवर तिन्ही फोटो लावलेत. तिन्ही कोट एकाच कागदावर बेतलेले, टेप लावून पाहिले, केसभराचा फरक नाही. पहिल्या फोटोत कोट माझ्या हातात मावलाय. दुसऱ्यात बोटांच्या पुढे गेलाय. तिसऱ्यात माझा हात कोटाच्या कमरेपर्यंतच येतो.

भिंतीला टेकून उभी राहिले आणि डोक्यावर खूण केली. टेपने मोजली. पुन्हा मोजली. १०४.

बाईंकडे गेले. जाताना साडी पायात येत होती. काय केलंत म्हणून ओरडले, तर त्यांनी चष्मा पुसला. म्हणाल्या की मी काय केलं? मापं तूच घेतलीस. सगळ्या स्वतःचीच घेतात, मला कधी सांगावं लागत नाही.

सगळ्या. सात जणी.

दार बाहेरून बंद आहे. मी लाथा घातल्या. आवाजसुद्धा नीट झाला नाही. याचाच जास्त राग आला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

७८.

शिवल्याने झालं असेल तर उसवल्याने जाईल. तिन्ही कोट उसवायचे. पण ते कपाटात, आणि किल्ली बाईंच्या गळ्यात.

आता एकही टाका घालत नाही, तरी कमी होतेय. बाई म्हणाल्या की बेत एकदा अंगाला लागला की शिवणाऱ्याची गरज उरत नाही. धंद्यातलं मलाच शिकवतात!

खुर्चीवर चढून टेबलावर गेले. फोन. दादाला लावला. मी आहे रे, ये, आत्ताच्या आत्ता ये, नाव नको, पाटी नको, काही नको. आधी तो हसला. मग विचारलं, कुणाचं पोर आहेस गं, फोनशी खेळू नये, आईला दे. मी किंचाळले. मला माझा आवाज ऐकू आला. चिमणीसारखा. तो वहिनीला म्हणाला, कुणाचं तरी लहान पोर आहे. आणि ठेवला.

वीस वर्षं माझा आवाज ऐकलाय त्याने! शिंकले तरी ओळखायला हवं होतं!

पुन्हा लावणार होते. बाई आल्या आणि फोन उचलून घेऊन गेल्या. मला नाही. फक्त फोन. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

५१. पेन दोन्ही हातांनी धरतेय. वही चिंध्यांच्या टोपलीत लपवलीय, मीही तिथेच.

बाई कुणाशी तरी बोलत होत्या. म्हणाल्या, हो हो, आज-उद्या पोचेल, अगदी जवळ आलीय.

मी वाटेवर आहे. पंधरवडा ही बाई माझ्याचबद्दल बोलत होती, आणि मी बावळट रोज विचारत होते, बाहुली कधी येणार, बाहुली कधी येणार —

चावणार आहे. हात पुढे केला की चावणार.

रविवार

चावले. दात उमटले नाहीत. म्हणाल्या, या खेपेची फार रागीट आहे, चेहरा छान येईल.

३३. पेन उचलवत नाही. पेन्सिलीचं तुटलेलं टोक सापडलं, त्याने —

डावा हात कोपरात वाकत नाही. दुखत नाही, तेच वाईट. तर्जनीवरचे टोचे तेवढे जाणवतात.

सोमवार असेल

२६.

कोट घातला. त्यांनी. मखमलीचा. खांद्यावर सुरकुती नाही, बाही मनगटाला बरोबर. टाचण्यांची डबी उघडलीच नाही. उभ्या जन्मात इतकं चोख काम — आणि कुणाच्या अंगावर —

नवं खोकं आलंय. टेबलावर समोरच. त्यावर माझं नाव. पूर्ण. वडिलांचं, आडनाव, वेलांटीसुद्धा चुकलेली नाही. सोनेरी अक्षरात. बाई म्हणाल्या की बघ, शब्द पाळला.

हेच मागितलं होतं मी.

पाय गेले. कंबर —

दिवे लावतायत. कॅमेरा. कपाटातल्या उघड्या तोंडाच्या बाईचं आता कळलं. ती खरंच शिवी हासडत होती. मीही तोंड मिटणार नाही. काढा फोटो. कुणाच्याही घरी ठेवा. ज्याच्या कपाटात जाईन त्याला रोज दिसेल की मी काय म्हणत होते, मी म्हणत होते की तुमच्या सगळ्यांच्या —

मान वळत नाही. लिहिते तेवढं. बोटं दोनच —

दादा, पाटी —