आपल्या पोरीला सांगितलं तेच

सर, परवा मी पिंगळीला तुमच्या घरी जाऊन आले. नर्सिंगला माझा नंबर लागला आहे. सोमवारी होस्टेलला जायचं, त्याआधी तुमच्या फोटोपुढे पेढे ठेवायचे आणि तुमच्या घरच्या बाईंच्या पाया पडायचं, हे मी तुम्ही गेलात त्याच वर्षी मनाशी ठरवून ठेवलं होतं. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आमच्या शाळेतल्या लहान पोरांना तुमचं नावही माहीत नाही. मला मात्र रोज तुमची आठवण येत होती. येत होती असं लिहिलं, कारण परवापासून जे येतं त्याला आठवण म्हणावं का, ते मला कळत नाही.

सातवीचा वर्ग आहे, विज्ञानाचा तास. तुम्ही सगळ्यांना डाव्या मनगटावर बोटं ठेवायला लावता. अंगठा ठेवायचा नाही म्हणून बजावता, कारण अंगठ्याला स्वतःचीच नाडी लागते. मग हातातल्या घड्याळाकडे पाहून ‘सुरू’ म्हणता आणि मिनिटभरानं ‘थांबा’. एकेकाला उभं करून ठोके विचारता. पहिला मुलगा बहात्तर सांगतो. दुसरा बहात्तर. त्याच्यामागची मुलगीही बहात्तर, कारण पुस्तकात बहात्तर छापलेलं आहे. माझी पाळी येते. मी सांगते, सर, मधेच माझं मोजणं चुकलं, मग मी पहिल्यापासून धरलं, तोवर तुम्ही थांबा म्हणालात. वर्ग हसतो. तुम्ही हसत नाही. बहात्तरवाल्यांना तसंच उभं ठेवून तुम्ही म्हणता की न मोजता सांगितलेला आकडा म्हणजे खोटं बोलणं, आणि दवाखान्यात असल्या खोट्यानं माणूस मरतो. मग माझ्याकडे वळून म्हणता, “चुकलं तर चुकलं म्हणणारी पोरगी नर्स व्हावी. माणसाचा जीव असल्याच पोरीच्या हाती द्यावा.”

त्या दिवसापर्यंत माझा स्वभाव म्हणजे घरच्यांची डोकेदुखी होती. कुलूप लावल्यावर मी दोनदा ओढून पाहायची, चूल विझली का बघायला अर्ध्या वाटेतून परत फिरायची. माय म्हणायची, हिच्या मनाला थारा म्हणून न्हाई. तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत की ह्या स्वभावाचा कुणाला तरी उपयोग होईल.

सातवीनंतर गावात शाळा नव्हती. पुढचे वर्ग पालमला, एसटीनं जाऊन यायचं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलेलं नाही, आणि मुलीनं एवढं केलं ते लय झालं असं बाबांनी ठरवून टाकलं होतं. तुम्ही कापूस वेचणीच्या दिवसांत शेतात आलात. पायजम्याला काटे चिकटलेले, कपाळावरचं भस्म घामानं ओघळलेलं. मायनं तांब्या पुढे केला, तुम्ही बांधावर बसून पाणी प्यायलात आणि सरळ बोललात, पोरीला शिकवा, बारावी करा, नर्स करा. बाबा बोंडं सोलतच होते. मग म्हणाले, “सर, तुमचा शब्द मोडवत न्हाई. पण परक्या माणसाचं हगणं-मुतणं काढायचं का माझ्या पोरीनं? उद्या सोयरीक कोण करंल?” मी ओटीत कापूस घेऊन जवळच उभी होते. तुम्ही तांब्या खाली ठेवलात. “मी माझ्या पोरीला जे सांगितलं तेच तुमच्या पोरीला सांगायलोय,” तुम्ही म्हणालात. “आता ह्याच्या पुढं मी काय बोलू?”

बाबांना त्याच्यापुढे काहीच लागलं नाही. तुम्ही पालमला खोली करून राहायचात, शनिवारी शाळा सुटली की पिंगळीला जायचात. तुमच्या घरचं माणूस आमच्या गावात कोणी पाहिलेलं नव्हतं. सरांच्या मुलीला आम्ही मनानंच नर्स करून टाकलं. मी तर तिला पांढऱ्या कपड्यांत पाहायचीसुद्धा, केस जाळीत बांधलेले, हातात ट्रे. काकांनी भर पंगतीत टोमणा मारला की पोरीला रोग्यांची भांडी उचलायला धाडायलास का, तेव्हा बाबा शांतपणे म्हणाले होते, सरांनी आपल्या पोरीला सांगितलं तेच हिला सांगितलं. मामी स्थळ घेऊन आली तेव्हाही तेच. पहिल्या वर्षी माझा नंबर लागला नाही आणि मी कोपऱ्यात तोंड घालून बसले, तेव्हा बाबांनी मलाही तेच ऐकवलं. आमच्या दाराला कडी असावी तसं तुमचं ते वाक्य होतं. कोणी बाहेरून ढकललं की आम्ही ते लावून घ्यायचो.

आणि घड्याळ. सातवीच्या निरोपाच्या दिवशी तुम्ही मला कार्यालयात बोलावून कागदात गुंडाळलेलं घड्याळ दिलंत. लेडीज, बारीक, पांढऱ्या तबकडीचं, लाल सेकंदकाट्याचं. म्हणालात, नर्सला हा काटा लागतो. नवं नव्हतं हे मला तेव्हाच कळलं, पण जुनं दिलंत म्हणजे घरातलं दिलंत, ह्याचाच मला आनंद झाला. मागच्या बाजूला जांभळ्या रंगाचा एक ठिपका होता. दुकानदारानं काहीतरी खूण केली असेल असं मी धरून चालले. पट्टा कुजला, मी नवा टाकला. त्याच घड्याळावर मी मायची नाडी मोजली, बाबांची मोजली, तापलेल्या वासराचीसुद्धा मोजायला गेले आणि लाथ खाल्ली.

आता आमच्या बॅचचा फोनवर ग्रुप झाला आहे. दिवसभर मुली विचारत असतात. इंजेक्शन देताना हात थरथरला तर चालतं का. शरीररचनेचं पुस्तक सगळं इंग्रजीत, मराठी मीडियमच्या पोरींनी काय करायचं. पुरुष पेशंटला पुसून काढावं लागतं का, आणि घरी ते सांगायचं का. गंगाखेडची एक मुलगी रोज एकच विचारते, रक्त बघून चक्कर आली तर काढून टाकतात का. सीनियर ताया उत्तरं देतात. नखं कापून या, पांढरे बूट एक नंबर मोठे घ्या, पाय सुजतात. चक्कर आली तर भिंतीला टेका, पेशंटच्या खाटेवर बसू नका. पहिले काही दिवस नुसती चादर घालायलाच शिकवतात, रडू नका. आणि पहिल्या दिवशी उभं करून विचारतात, नर्सिंगला का आलीस. ‘सेवेची आवड’ सांगू नका, सगळ्या तेच सांगतात, मॅडम वैतागतात. मी उत्तर तयार ठेवलं होतं. मी तुमचं सांगणार होते. बांध, तांब्या आणि ते वाक्य.

परवा दार तुमच्या मुलीनं उघडलं. मी ओळख सांगितली, ताई म्हणून पाया पडायला वाकले तर त्यांनी अर्ध्यात धरलं. बाईंना आता कमी ऐकू येतं. मी मोठ्यानं सांगितलं तेव्हा त्यांनी माझं तोंड कुरवाळलं आणि म्हणाल्या, सर असते तर लय खूश झाले असते. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर चार पोरं पाढे म्हणत होती, ताई शिकवणी घेतात. मी आपलं मूर्खासारखं विचारलं, ताई, तुमची ड्यूटी कुठल्या दवाखान्यात असते? ताईंना वाटलं मी चेष्टा करते आहे. मग माझं तोंड पाहिलं आणि त्या मला चहा करायच्या निमित्तानं आत घेऊन गेल्या.

मी हात धुवायला बाही वर केली. त्या साखर टाकता टाकता थांबल्या. “पट्टा बदललास का गं?” त्या म्हणाल्या. मला कळलंच नाही. “मागं ठिपका हाय का बघ. जांभळा. माझ्या नेलपॉलिशचा हाय. मैत्रिणीच्या घड्याळाशी अदलाबदल होऊ नाई म्हणून लावला होता.”

सर, पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी लिहिते. ताईंचाही नंबर लागला होता. तुम्ही आमच्या बांधावर बसलात त्याच्या आदल्याच वर्षी. त्यांच्या मामानं कौतुकानं ते घड्याळ घेऊन दिलं होतं. बॅग भरून झाली होती. आणि तुम्ही जाऊ दिलं नाहीत. “बाबा म्हणले, आपल्या घरातल्या पोरी लोकाचे भांडे उचलणार न्हाईत,” ताई सांगत होत्या, चहा गाळताना, हळू आवाजात, बाहेर पाढे चालूच होते. “मला डी.एड.ला घातलं. घड्याळ कपाटात ठेवून दिलं. पुढं कपाटात दिसंना. मी विचारलं तर म्हणले, एका गरजू पोरीला दिलं.” शिक्षकांची भरती निघाली नाही. लग्न झालं, मोडलं, त्या परत आल्या. हे सगळं त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी ऐकताना माझ्याच मनगटावर बोटं ठेवून बसले होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात असं मी म्हणून पाहिलं. परतीच्या एसटीत परभणीपासून तेच म्हणत होते. सरांना पोरीला पुढे न्यायचं होतं, बाबा दुसऱ्या कशानं ऐकले नसते. हे खरंही आहे. त्या एका वाक्यावर मी पालमला गेले, बारावी झाले, त्यावरच सोमवारी निघणार आहे. पण मनाची ती समजूत टिकत नाही. तुमच्या घराला जे काम हलकं होतं, ते आमच्या घराला भारी शोभलं तुम्हाला. बाबांनी बोंडं सोलत विचारलं ते तुम्ही स्वतः आदल्या वर्षी बोलून बसला होतात, त्यांच्यापेक्षा चढ्या तोऱ्यात. त्यांना तुम्ही उत्तर दिलंत आणि स्वतःच्या पोरीला कपाट दाखवलंत. त्या बहात्तरवाल्या पोरांना तुम्ही तास संपेपर्यंत उभं ठेवलं होतं, सर. तुम्हाला कोण उभं करणार?

आणि मला वर्गात निवडलंत ते खरंच माझ्या चुकलेल्या ठोक्यांमुळे, की कपाटातलं घड्याळ तुम्हाला टोचत होतं आणि ते घालायला एक हात हवा होता? हे मला विचारायचं आहे. राग येतो तो खोट्याचा कमी येतो. ह्याचं उत्तर द्यायला तुम्ही नाही, ह्याचा जास्त येतो.

घरी आले तर बाबा ओट्यावर वाट पाहत होते. त्यांनी नवी ट्रंक आणून तिच्यावर माझं नाव रंगवून घेतलं होतं. म्हणाले, “सरांची पोरगी भेटली का? कुठं असती ती? तिला म्हणावं, आमच्या पोरीवर ध्यान ठेव.” मी म्हणाले, भेटली. चांगली आहे. बाबा, तुमच्यासाठी पेढा दिलाय. बाबांनी पेढ्याचा अर्धा तुकडा मायला दिला, तुमचं नाव घेतलं आणि खाल्ला. त्या वाक्यावर त्यांनी इतकी वर्षं सगळ्या भावकीला तोंड दिलं, ते मी त्यांच्या हातातून कसं काढून घेऊ? तेव्हा आता तुमचं खोटं मीही सांभाळते आहे. तुम्ही तेही माझ्यावर टाकलंत.

सोमवारी मॅडमनी उभं केलं तर काय बोलायचं ते ठरत नाही. मी निघताना ताई म्हणाल्या होत्या, तिथं माझ्या बाबांचं नाव सांगू नको. मी विचारलं, मग काय सांगू? त्या म्हणाल्या, मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, मला आवडतं म्हणून. एवढंच. मला आवडतं का, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. सगळं तुमच्या सांगण्यावरच चाललं होतं. काल मायच्या पायात बाभळीचा काटा मोडला, तो काढताना माझा हात जराही हलला नाही आणि मला बरं वाटलं. तेवढं सांगता येईल कदाचित.

हे पत्र पाठवायला पत्ता तुमच्या घराचाच आहे, आणि तिथं टपाल ताई उघडतात. म्हणून ते ट्रंकेत पांढऱ्या कपड्यांच्या खाली जाईल. फक्त एक राहिलं. तुमच्या दारात निघताना मी घड्याळ काढून ताईंच्या पुढे धरलं होतं. म्हणाले, हे तुमचं आहे. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “असू दे. मला भिंतीवरचं पुरतं.” मी ते परत बांधलं आणि वाटेत सगळ्या रागात एवढं एक बरं वाटत राहिलं, की मी तरी द्यायला तयार होते. पण ते खरं नाही, सर. हात पुढे केला होता, पण माझी मूठ पूर्ण उघडलेली नव्हती. ताईंनी ते पाहिलं.